ट्रॅक्वेअर: हरणाऱ्यांनी राखलेलं घर

‘लेअर्ड’ हा ‘लॉर्ड’ शब्दाचाच स्कॉटिश भाऊ, पण धाकटा. त्याच्याकडे जमीन असायची, कुळं असायची. उमरावाचा किताब मात्र नसायचा. त्याच्या घरालाही पाहुणे कौतुकाने ‘कॅसल’ म्हणतात, पण किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि माची येते, तसलं अवाढव्य तिथे काही नाही. गढी हा शब्द जास्त जवळचा. 1535 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने सीमेवरच्या जमीनदारांसाठी कायदाच केला: शंभर पौंड आकारणीची जमीन असेल त्याने साठ फूट लांब, साठ फूट रुंद असं दगडी आवार बांधावं, म्हणजे धाड पडली की माणसं आणि गुरं आत घेता येतील. आत स्वतःसाठी बुरूज बांधायचा की नाही, हे त्याच्या मर्जीवर. आधी गुरांची सोय, मग मालकाची!

बुरूज-घराची रचना उभी. तळाला कमानदार छताचं कोठार, वर दिवाणखाना, त्यावर निजायच्या खोल्या, आणि हे सगळं जोडणारा एकच चक्री जिना. दाराला आतून लोखंडी जाळीचं दुसरं दार. भिंतींवर चुना आणि बारीक खडी कालवून ती फेकून मारायची. या खडबडीत गिलाव्याला तिकडे ‘हार्लिंग’ म्हणतात. पाऊस अडवायचा आणि आतली ओल बाहेर जाऊ द्यायची, ही दोन्ही कामं तो करतो. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी चुन्याच्या जागी सिमेंट आलं आणि ओल भिंतीतच कोंडली.

पुढे धाडी थांबल्या तरी बुरूज बांधायची हौस गेली नाही. अ‍ॅबर्डीनशायरमधलं क्रेगीव्हार पाहा. बाल्टिक व्यापारात गबर झालेल्या विल्यम फोर्ब्सने ते अर्धवट अवस्थेत विकत घेतलं आणि 1626 मध्ये पुरं केलं. खालच्या भिंती सपाट, जवळजवळ मुक्या. शिखराशी मात्र लटकत्या बुरुजांची आणि टोकदार छपरांची गर्दी. रंग गुलाबी. लढाईशी त्याचा काही संबंध नाही, नव्या पैशाला जुनं घराणं दिसायचं होतं. जवळच्याच क्रेथ्सचं वैभव वेगळं: आत रंगवलेली लाकडी छतं, बाहेर 1702 मध्ये लावलेली यू वृक्षांची कुंपणं, आज हत्तीसारखी फुगलेली.

माझा जीव मात्र दक्षिणेला, ट्वीड नदीकाठच्या ट्रॅक्वेअरमध्ये अडकतो. सुरुवातीचा बुरूज उत्तरेच्या टोकाला. पुढच्या पिढ्या त्याला खोल्या जोडत गेल्या आणि घर नदीला समांतर लांबत गेलं. खिडक्या एका ओळीत नाहीत, दार बरोबर मध्यावर नाही. एका नकाशावर बांधलेलं हे घर नव्हेच. पहिल्या अर्लने (हो, मधल्या काळात या घराला किताबही मिळाला) पायाला पाणी लागू नये म्हणून नदीचंच पात्र हलवलं. त्याआधी खिडकीतून गळ टाकून मासे धरता येत, असं म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स स्मिथ या वास्तुविशारदाने पुढचं अंगण आणि मागची गच्चीवजा बाग आखली, बागेच्या दोन टोकांना बाकदार छपरांचे मंडप ठेवले. त्यानंतर घराचं बाह्यरूप जवळपास तसंच राहिलं.

का राहिलं? सौंदर्यदृष्टी हे उत्तर मला पटत नाही. घराणं कॅथलिक होतं आणि पदच्युत स्टुअर्ट राजांच्या बाजूचं, म्हणजे दोन्हीकडून हरणारं. दरबारी पदं गेली, पैसा आटला. शेजारचे उमराव ग्रीक खांबांचे नवे प्रासाद उभारत असताना यांच्याकडे जुनं पाडायलाही पैसे नव्हते. वरच्या मजल्यावर धर्मगुरूची खोली. तिथून निसटायला कपाटामागे लपवलेला जिना. ग्रंथालयात छताखालच्या पट्टीवर प्राचीन विद्वानांची चित्रं, आणि पुस्तकाची जागा त्या चेहऱ्यावरून ओळखायची. उघड प्रार्थनेची मोकळीक 1829 च्या कायद्यानंतरच सुखाने मिळाली. एका बाजूच्या इमारतीत प्रार्थनाघर आहे आणि त्याच्याच खाली बिअरची भट्टी! विसाव्या लेअर्डने 1965 मध्ये अडगळीत पडलेली जुनी ओकची पिंपं साफ करून ही भट्टी पुन्हा पेटवली. घराच्या डागडुजीला हातभार त्या बिअरचाही.

आणि अस्वलांचा दरवाजा. 1737-38 मध्ये उभारलेल्या दोन खांबांवर दगडी अस्वलं. 1745 मध्ये बंडखोर राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट इथून निघून गेला आणि स्टुअर्ट राजा गादीवर बसेपर्यंत दरवाजा उघडणार नाही, अशी शपथ पाचव्या अर्लने घेतली, ही कथा सगळ्यांना प्रिय. दुसरी कथा सांगते की तो 1796 मध्ये एका काउंटेसच्या निधनानंतर बंद झाला. मला दुसरी अधिक माणसासारखी वाटते, पण तिकिटं पहिलीच विकते. दरवाजा बंदच आहे. त्यामागच्या सरळ रस्त्यावर गवत माजलंय, आणि घरचे लोकही बाजूच्या वाटेने ये-जा करतात.