दारुहरिद्रेचा पिवळा ठिपका : टीएलसी परीक्षणातील अडचणी व त्यांचे निराकरण

दारुहरिद्रेचे काष्ठ पिवळे व कडू असते. तिच्या नावाने बाजारात येणाऱ्या कोसिनियम फेनेस्ट्रेटम या दाक्षिणात्य वेलीचे काष्ठही पिवळे व कडूच असते. दोहोंत बर्बेरिन हे अल्कलॉइड आहे. दक्षिणेतील काही परंपरांत ही वेलच दारुहरिद्रा म्हणून वापरतात. परंतु भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने बर्बेरिस ॲरिस्टाटा या झुडपाचे वाळलेले खोड ग्राह्य धरले आहे. म्हणून परीक्षण अहवालात केवळ ‘बर्बेरिन आढळले’ एवढेच नमूद असेल, तर द्रव्याची ओळख पटली असे म्हणता येत नाही. आपल्या रसांजनात नेमके काय गेले, हा प्रश्न तसाच उरतो.

शेड्यूल टी २००० साली लागू झाल्यापासून प्रत्येक परवानाधारक फार्मसीस स्वतःच्या जागेत किंवा शासनमान्य प्रयोगशाळेमार्फत गुणवत्ता परीक्षणाची सोय ठेवावी लागते. त्यामुळे टीएलसी म्हणजे पातळ थर क्रोमॅटोग्राफीचे अहवाल आता आपल्या सर्वांच्या टेबलावर येतात. अहवालावर सही दुसऱ्याची असली, तरी औषधाची जबाबदारी आपलीच आहे. म्हणून पट्टी वाचता येणे आपल्यालाही आवश्यक आहे.

वनौषधींतूनच जन्मलेले तंत्र

हे तंत्र आपल्याला परके नाही. वॉर्सा येथे मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ साली पानांतील रंगद्रव्ये वेगळी करण्याची ही रीत मांडली. १९३८ साली खारकोव्ह येथे इझमाइलोव्ह व श्राइबर यांनी काचेवर पसरलेल्या पातळ थरावर वनस्पतिजन्य औषधांचे अर्क तपासले. पुढे १९५० च्या दशकात जर्मन औषधिशास्त्रज्ञ एगॉन श्टाल यांनी सिलिका जेलचा थर व कार्यपद्धती प्रमाणित केली. अर्थात, हे तंत्र वनौषधींच्या परीक्षणातच वाढले.

तत्त्व सोपे आहे. सिलिकाच्या थरावर अर्काचा ठिपका ठेवून पट्टी द्रावकात उभी केली की द्रावक वर चढतो. सिलिकाला घट्ट धरून राहणारे घटक मागे पडतात, द्रावकाशी जुळणारे पुढे जातात. घटकाने कापलेल्या अंतरास द्रावकाने कापलेल्या अंतराने भागले की आरएफ मूल्य मिळते. द्रावक ८ सेंमी व ठिपका ४.४ सेंमी चढला, तर हे मूल्य ०.५५ होय.

नेहमीच्या अडचणी

१) ठिपक्याला शेपूट येणे : अर्क जास्त पडला की असे होते, प्रथम तो विरल करून पाहावा. तरीही शेपूट राहिल्यास सिलिकाचे आम्लधर्मी स्वरूप अल्कलॉइडांना धरून ठेवत असते. बहुतेक अल्कलॉइडांसाठी द्रावकात थोडा अमोनिया उपयोगी पडतो. बर्बेरिनसाठी मात्र ब्युटॅनॉल, ॲसेटिक आम्ल व पाणी असे आम्लयुक्त मिश्रण प्रचारात आहे.

२) सर्व ठिपके तळाशी किंवा माथ्याशी राहणे : तळाशी राहिल्यास द्रावकाची ध्रुवीयता वाढवावी, माथ्याशी गेल्यास कमी करावी. ०.२ ते ०.८ या टप्प्यातील ठिपके विश्वासाने वाचता येतात.

३) द्रावकाची रेषा वाकडी चढणे : पात्रातील हवा द्रावकाच्या बाष्पाने संपृक्त झालेली नसते. आतून गाळणकागद लावून, झाकण ठेवून २० ते ३० मिनिटे थांबावे. वापरलेले मिश्रण पुन्हा वापरू नये. बाष्पशील घटक आधी उडतात व प्रमाण बदलते.

४) ठिपके नाहीसे होणे किंवा पसरणे : द्रावकाची पातळी आरंभरेषेच्या खालीच हवी, अन्यथा अर्क पात्रातच विरघळतो. ही रेषा पेन्सिलनेच आखावी. पेनाची शाई द्रावकाबरोबर चढते. ठिपका लहान ठेवून प्रत्येक थेंबानंतर वाळवावा.

५) अर्काचा दाट पट्टा उमटणे : येथे कल्पनेचा विचार करावा. आसव-अरिष्टांतील गूळ-साखर आरंभरेषेपाशी अडते. म्हणून योग्य द्रावकाने घटक वेगळे काढून घ्यावेत. घृत-तैलांतील स्निग्धांश हेक्झेनने आधी काढावा. भस्मांसाठी ही परीक्षा उपयोगाची नाही.

६) आज एक मूल्य, उद्या दुसरे : सिलिका हवेतील ओलावा शोषते व तिची धारणशक्ती बदलते. छत्रपती संभाजीनगरचा कोरडा, तापलेला मे महिना आणि पावसाळ्यातील दमट हवा यांत एकाच अर्काचे ठिपके वेगळ्या उंचीवर दिसू शकतात. पट्टी १०५ ते ११० अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून घ्यावी, कोरड्या पात्रात थंड करावी आणि त्या दिवसाचे तापमान व आर्द्रता नोंदवून ठेवावी.

निर्णय कसा करावा

वरील कारणांमुळे पुस्तकातील आरएफ मूल्याशी आकडा जुळला नाही एवढ्यावरून माल नाकारणे जसे चूक, तसेच तो जुळला एवढ्यावरून स्वीकारणेही चूक होय. एकाच पट्टीवर शेजारी शेजारी तीन ठिपके हवेत : शुद्ध बर्बेरिन, अधिकृत ओळख पटवलेली दारुहरिद्रा आणि आपला नमुना. ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात बर्बेरिन तेजस्वी पिवळे दिसते. परंतु निर्णय करायचा तो दुसऱ्या व तिसऱ्या रांगेतील संपूर्ण ठिपक्यांची माळ ताडून. त्याला सूक्ष्मदर्शकाखालील काष्ठपरीक्षणाची जोड द्यावी.

चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशा चार परीक्षा सांगितल्या आहेत. फार्माकोपियाचे वर्णन, डोळ्यांपुढची पट्टी, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष आणि सर्वांचा मेळ घालणारी युक्ती यांपैकी एकीवरच विसंबणे आपल्या शास्त्रासही मान्य नाही.

फार्मसीधारक बंधु-भगिनींना आमची विनंती एवढीच, की पुढील अहवाल मागवताना केवळ ‘अनुरूप’ या शब्दावर समाधान मानू नये. पट्टीचे छायाचित्र, द्रावकाचे प्रमाण, संदर्भ नमुन्याचा तपशील व परीक्षणाची तारीख यांची मागणी करावी आणि दर बॅचची छायाचित्रे जपून ठेवावीत. रुग्ण आपल्या हातची पुडी निःशंकपणे घेतो. त्या विश्वासामागे आपली तपासणी उभी असली पाहिजे.