ट्रक घेण्याआधी सहा महिने ट्रकमध्ये राहा



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये दोघे-तिघे असतात ज्यांना ट्रक घ्यायचा असतो. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, डाउन पेमेंट किती लागेल?" दुसरा: "हप्ता बसेल का?" हे प्रश्न चूक नाहीत. पण ज्या धंद्यात उतरायचं त्या धंद्यात एक रात्र तरी काढलीय का, असं मी उलट विचारलं की खोलीत शांतता पसरते.

संगमनेरकडचा एक मुलगा होता, वय 27. पिकअप चालवायचा. त्याला जुना दहा टायरी घ्यायचा होता, आईचं सोनं गहाण टाकून. हिशेब कागदावर मांडून आणला होता. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून जयपूरला माल न्यायचा, येताना किशनगढहून मार्बल भरायचा. जायला 3 दिवस, यायला 3, लोडिंगला 1. म्हणजे 7 दिवसांत एक फेरी, महिन्याला 4 फेऱ्या. हप्ता 48,000 रुपये, म्हणजे फेरीमागे 12,000. कागद बघून मलाही सगळं बरोबर वाटलं असतं. मी त्याला एवढंच म्हणालो, "सोनं घरातच राहू दे. सहा महिने दुसऱ्याच्या गाडीवर सेकंड ड्रायव्हर म्हणून जा. रोज रात्री वहीत दोनच गोष्टी लिही: आज गाडी किती तास चालली, आणि किती तास उभी होती, कशामुळे."

लायसन्सचं आधी सांगतो, कारण तिथेच बरेच जण अडकतात. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी वय 20 पूर्ण हवं आणि हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं. म्हणजे आज ठरवलं आणि पुढच्या महिन्यात ट्रकवर बसलो, असं होत नाही.

आता त्याच्या वहीत काय निघालं ते बघा. पहिल्या फेरीत कळंबोलीला गाडी लावली आणि कॉइल भरायला नंबर लागला तिसऱ्या दिवशी. दोन दिवस गेले. निघाल्यावर ठाण्यात दिवसाची नो-एंट्री, मग रात्री घोडबंदरच्या रांगेत. जयपूरला पोचले शनिवारी संध्याकाळी. गोडाऊन बंद. रविवार गेला, सोमवारी क्रेन उशिरा आली. आणखी दोन दिवस. किशनगढला दलालाने "उद्या भरू, उद्या भरू" करत दोन दिवस बसवलं. भिवंडीला मार्बल उतरवायला एक दिवस. बेरीज केली तर 13 दिवसांची फेरी, त्यातले 6 दिवस चाक फिरलं, 7 दिवस गाडी उभी. महिन्याला दोनच फेऱ्या. म्हणजे हप्त्याचा बोजा फेरीमागे 12,000 नाही, 24,000. तोच ट्रक, तोच हप्ता. शोरूमवाला किंवा फायनान्सवाला हा आकडा सांगणार नाही. त्यांना तो माहीतही नसतो, कारण ते कधी गाडीत झोपलेले नसतात.

आणि गाडीत झोपणं म्हणजे काय, ते ऐका. सीटच्या मागे फळीसारखी बर्थ असते. मे महिन्यात राजस्थानात केबिनचा पत्रा मध्यरात्रीपर्यंत गरम असतो. नव्या ट्रकांच्या केबिनला आता एसी सक्तीचा झालाय. पण तुम्ही घेणार सेकंड हँड, त्यात बॅटरीवरचा छोटा पंखा आणि डासांची उदबत्ती एवढंच. गाडी कुठे लावायची हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. अंधाऱ्या जागी लावली तर सकाळी टाकीतलं डिझेल गायब, कधी बॅटरीही. म्हणून जुना ड्रायव्हर थोडा पुढे जाऊनसुद्धा उजेडाचा पंप किंवा ओळखीचा ढाबा गाठतो. जेवण केलं की ढाबेवाला बाज देतो, आंघोळीला पाणी देतो. तेल कंपन्यांनी काही पंपांवर ट्रकवाल्यांसाठी 'अपना घर' नावाची झोपायची सोय केली आहे, तिथे जागा मिळाली तर सोडू नका.

नवा ड्रायव्हर सगळ्यात मोठी चूक करतो ती झोपेत. पोचायची घाई, मालकाचे फोन, मग रात्रभर चालवतो. पहाटे दोन ते पाच ही वेळ वाईट. डोळे उघडे असतात पण माणूस जागा नसतो. चहा, गुटखा, मोठ्याने गाणी, कशाचाही उपयोग नाही, गाडी बाजूला घेऊन झोपणं हाच उपाय. 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. रस्त्यावर हे कोण पाळतं? आमचा मुलगा ज्या उस्तादाबरोबर होता तो मात्र पाळायचा. दर तीन-चार तासांनी उतरायचा, टॉमीने प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकायचा, दोऱ्या आणि कॉइलखालच्या लाकडी ठोकळ्या तपासायचा. कॉइल सुटली आणि जोरात ब्रेक लागला तर ती थेट केबिनवर येते. तपासणी पण झाली, पाय पण मोकळे झाले.

त्याच उस्तादाने घाटाचं शिकवलं. कोणी सांगेल, उतारावर न्यूट्रल करा, डिझेल वाचतं. अजिबात करू नका. ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा. सारखा ब्रेक दाबत राहिलात तर लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाही. वाचलेल्या दोन लिटर डिझेलची किंमत तेव्हा कळते.

वजनाचं तसंच. दलाल म्हणतो, "दोन टन जास्त घे, भाडं वाढवून देतो." 2018 मध्ये दहा टायरीचं गाडीसकट एकूण वजन 25 वरून 28.5 टन झालं, तरी हा मोह सुटत नाही. कायद्यात ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड, वर जादा प्रत्येक टनाला 2,000. दोन टनांचे झाले 24,000, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. टनाला 2,500 भाडं धरलं तरी तुम्हाला मिळणार होते 5,000.

कागदांकडे वळू. ई-वे बिलाची मुदत साधारण 200 किलोमीटरला एक दिवस अशी असते. कळंबोली ते जयपूर सुमारे 1,150 किलोमीटर, म्हणजे सहा दिवस. गाडी बिघडून उभी राहिली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. हे माहीत नसलं तर चेकिंगला माल अडकतो आणि अजून दोन दिवस उभे. त्याहून महत्त्वाची ती पोच. माल उतरला की बिल्टीवर सही-शिक्का घ्यायचा, फोटो काढायचा, कागद जिवापाड जपायचा. भाड्याचा मोठा भाग आगाऊ मिळतो, पण उरलेला बॅलन्स पोच दिल्याशिवाय सुटत नाही, आणि पोच दिल्यावरही महिना-दीड महिना फोन करावे लागतात. एकदा त्यांची पोच पावसात भिजली, शिक्का पुसला. बॅलन्स अडीच महिने अडकला. तेव्हापासून मुलगा पोच प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सीटखाली ठेवतो.

थोडं डिझेलबद्दल. भरलेली दहा टायरी लिटरला साधारण चार किलोमीटर देते असं धरा, म्हणजे एका बाजूला 290 लिटर. 90 रुपये भाव धरला तर 26,000. हा खर्च तुमच्या खिशातून आज जातो, बॅलन्स येतो दीड महिन्याने. म्हणून डाउन पेमेंट भरून हात रिकामे करणारा माणूस पहिल्या दोन महिन्यांतच व्याजाने पैसे उचलतो. निदान तीन हप्ते आणि दोन फेऱ्यांचं डिझेल बाजूला नसेल तर गाडीला हात लावू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

घरच्यांचंही बोला. सहा महिन्यांत तो घरी होता 22 दिवस. भावाच्या साखरपुड्याला व्हिडिओ कॉलवर. पाठ धरली, ढाब्याच्या तेलाने पोट बिघडलं, मग पाच किलोची शेगडी घेऊन केबिनबाहेर भात-पिठलं करायला शिकला. त्याची आई म्हणाली, "पोरगा बारीक झाला, पण घड्याळ बघायला लागला."

सहा महिन्यांनी तो वही घेऊन आला. चार फेऱ्यांचा जुना कागद त्याने स्वतःच फाडला होता. वहीवरून त्याने काढलं की जयपूर लाइनवर, एका जुन्या गाडीवर, या हप्त्यात काहीच सुटत नाही. पण वहीत अजून एक गोष्ट होती. किशनगढला दलालाऐवजी थेट ज्या दोन कारखान्यांत तो उस्तादाबरोबर गेला, तिथे गाडी त्याच दिवशी भरली होती. त्यांचे नंबर त्याच्याकडे आहेत. आता तो बघतोय की कळंबोलीतही थेट भरणारा एखादा व्यापारी मिळतो का. मिळाला तर फेरी 13 वरून 9 दिवसांवर येते, महिन्याला तीन फेऱ्या बसतात, आणि हप्ता 30,000 च्या आत राहील एवढीच जुनी गाडी घ्यायची असं त्याने ठरवलंय. निर्णय दिवाळीनंतर. सोनं अजून आईच्या कपाटात आहे, आणि तो परवा पुन्हा उस्तादाबरोबर कॉइल भरून निघालाय.