हिरव्या दिव्याचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सिग्नलवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण विषय जमाखर्चाचाच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी, खानवेलला गेलो होतो. एके सकाळी शेजारच्या काकूंबरोबर बसने सिल्वासाला निघालो. काकू तेथे एका कारखान्यात कामाला जातात. शहरातील एका चौकात बस अडकली. हिरवा दिवा लागे, पुढच्या मोटारी निघून जात आणि बसची पाळी येईपर्यंत पुन्हा तांबडा. असे दोनदा झाले. काकूंना उशीर झाला आणि अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. त्या एवढेच म्हणाल्या, "दिव्याला काय कळतं बाबा, आत किती माणसं आहेत ते!"

वास्तविक आता ते दिव्याला कळवता येते. बसमधील यंत्र बस कोठे आहे हे सिग्नलला सांगते. बस जवळ येताना हिरवा दिवा संपत असेल, तर तो काही सेकंद लांबवतात. तांबडा असेल, तर तो थोडा लवकर आटोपतात. मात्र पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्यास लागणारा वेळ कापायचा नसतो.

आता हिशेब पाहू. समजा, बसमध्ये 50 माणसे आहेत आणि तांबड्या दिव्यामुळे त्यांचा 60 सेकंद खोळंबा होणार आहे. म्हणजे एकूण 3000 सेकंद वाया. हिरवा दिवा 10 सेकंद लांबवला, तर आडव्या रस्त्यावरील 30 माणसे 10 सेकंद जास्त थांबतील; म्हणजे 300 सेकंद. निव्वळ नफा 2700 सेकंदांचा! अर्थात बस रिकामी असेल किंवा चारही बाजूंनी बसगाड्या येत असतील, तर हा नफा आटतो. म्हणून काही शहरांत उशीर झालेल्या बसलाच ही सवलत देतात.

परंतु काकूंची बस अडली होती ती मोटारींच्या रांगेमागे. अशा ठिकाणी सिग्नलच्या जोडीला बससाठी स्वतंत्र मार्गिकाही हवी. धारवाड हे माझे आजोळ. हुबळी-धारवाड मार्गावर 2018 साली 'चिगरी' बसगाड्या सुरू झाल्या. चिगरी म्हणजे हरीण, हे आपल्या कन्नड विभागातील मित्रांना सांगायला नकोच. तेथे सुमारे 22 किलोमीटरच्या मार्गावर रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी मार्गिका आखली गेली आणि सिग्नलवर बसला अग्रक्रम देण्याची योजनाही केली गेली.

हे केवळ यंत्राचे काम नव्हे, निर्णयाचेही आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या नागरिकांनी 1973 साली भुयारी रेल्वेची योजना मतदानाने नाकारली आणि 1977 साली ट्राम व बस वेगाने धावाव्यात म्हणून 20 कोटी फ्रँक मंजूर केले. श्रीमंत शहराने स्वस्त मार्ग निवडला!

सिल्वासाची निवड 2018 साली स्मार्ट सिटी योजनेत झाली. अशा शहरांत सिग्नलवर खर्च करताना चौकातून किती वाहने गेली हे न मोजता किती माणसे गेली हे मोजावे, एवढीच माझी विनंती आहे. आपल्या खतावणीत काकूंची अर्धी मजुरी कोणत्याच खात्यावर दिसत नाही. पण ती कोणीतरी भरलेलीच असते.