पायरीवरची टोपली

पीटरबरोच्या जंगलात दुपारच्या सुमारास एक फेरी निघते. एकेका स्टुडिओच्या पायरीवर जेवणाची टोपली ठेवायची आणि दार न वाजवता पुढे जायचं. थर्मासमध्ये सूप, सँडविच, बरोबर काहीतरी गोड. आत कुणी कादंबरीच्या मधल्या प्रकरणात अडकलेलं असतं, कुणी पियानोवर चार सुरांचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवून बघत असतं. भूक लागली की ते दार उघडतील. तोवर त्यांना कुणी हाक मारणार नाही.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या या संस्थेचं नाव मॅकडॉवेल. १९०७ पासून ती चालू आहे. लेखक, संगीतकार, चित्रकार, वास्तुरचनाकार, नाटककार, चित्रपटकार इथे काही आठवडे मुक्कामाला येतात. सुमारे ४५० एकर जमीन, तीसहून अधिक स्टुडिओ, वर्षाला जवळपास ३०० कलावंत. राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत. त्याबदल्यात व्याख्यान द्यायचं नाही, वर्ग घ्यायचे नाहीत आणि मुक्काम संपताना काही पूर्ण करून दाखवायचं बंधनही नाही.

अशा जागांबद्दल बोलताना निसर्ग, शांतता, प्रेरणा हे शब्द हमखास येतात. झाडं तिथे भरपूर आहेत, शांतताही आहे. पण मला त्या सगळ्यापेक्षा पायरीवरची टोपली मोलाची वाटते. लिहिणाऱ्याचा दिवस मोडतो तो जेवायची वेळ झाली, दारावर कुणी आलं, फोन वाजला अशा बारीक कारणांनी. बारा वाजता उठायचं आहे हे माहीत असलं, की अकरापासूनच मन कामातून निघायला लागतं. घरचं आटोपून, सगळे निजल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याशी लिहायला बसणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

या टोपलीचा उगम एका संसारात आहे. एडवर्ड मॅकडॉवेल हे त्या काळातले नावाजलेले अमेरिकन संगीतकार. मॅरियन पियानो शिकायला जर्मनीत गेल्या आणि तिथे त्यांच्याकडे शिकल्या, १८८४ मध्ये दोघांचं लग्न झालं. १८९६ मध्ये एडवर्ड न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संगीताचे प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी या जोडप्याने पीटरबरोला शेत घेतलं. शहरात शिकवण्यातच दिवस जाई, रचना करायची ती उन्हाळ्यात शेतावर. मॅरियन यांनी घरापासून दूर, झाडीत ओंडक्यांची एक खोली त्यांच्यासाठी बांधून घेतली. दुपारचं जेवण टोपलीत भरून त्या तिच्या दाराशी ठेवून येत. आपल्याला मिळालं ते इतर कलावंतांनाही मिळावं, ही एडवर्ड यांची इच्छा. पुढे ते गंभीर आजारी पडले. १९०७ मध्ये पहिले कलावंत आले आणि १९०८ च्या जानेवारीत एडवर्ड वारले.

तिथून पुढे कित्येक दशकं हा व्याप मॅरियन यांनी वाहिला. पियानो त्यांनी कधीचा बाजूला ठेवला होता. संस्थेसाठी पैसा उभा करायचा म्हणून त्या पुन्हा वाजवायला लागल्या आणि पतीच्या रचनांचे कार्यक्रम करत गावोगावच्या महिला मंडळांपुढे फिरल्या. एकेक स्टुडिओ असा उभा राहिला. १९३८ च्या वादळाने जंगलाची नासधूस केली तेव्हा त्यांचं वय ८० होतं. त्या पुन्हा पैसे जमवायला लागल्या. १९५६ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या. इतरांना अखंड दिवस मिळवून देणाऱ्या या वादक बाईचे स्वतःचे दिवस देणग्या, दुरुस्त्या आणि हिशेबांत गेले. संस्थेचा परिचय करून देताना त्यांचं नाव एडवर्ड यांच्या आधी घ्यावं, असं मला ठाम वाटतं.

स्टुडिओ एकमेकांच्या नजरेआड आहेत. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या स्टुडिओत जायचं नाही, हा जुना नियम. प्रत्येक स्टुडिओत भिंतीवर लाकडी फळ्या असतात. मुक्काम संपला की कलावंत आपलं नाव आणि तारीख त्यावर लिहून जातो. पहिल्याच दिवशी, हात चालत नसताना, ही नावं समोर येतात. विला कॅथर १९२६ मध्ये इथे कादंबरीवर काम करत होत्या. 'अवर टाउन' या नाटकाचा काही भाग थॉर्नटन वाइल्डर यांनी इथे लिहिला. लेखक जेम्स बाल्डविन १९५४ मध्ये आले. लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी 'मास' ही रचना घडवली ती काही अंशी याच जंगलात. फळीवर नाव आहे म्हणजे हा माणूसही इथे या खुर्चीत बसून कधीतरी अडला होता.

दिवसभराचा एकांत रात्रीच्या जेवणाला सुटतो. सगळे एका ठिकाणी जमतात, आणि कवीच्या शेजारी वास्तुरचनाकार बसतो. आपल्याच क्षेत्रातल्या माणसांत तुलना आणि ईर्ष्या सुटत नाही. इथे शेजारच्याला तुमच्या व्यवसायातलं काही ठाऊक नसतं, त्यामुळे काय करतो आहोत हे साध्या शब्दांत सांगावं लागतं. सांगताना पुष्कळदा गाठ सुटते. १९२२ मध्ये ड्यूबोस हेवर्ड आणि डोरोथी कुन्स इथेच भेटले, पुढे लग्न झालं. ड्यूबोस यांच्या 'पोर्गी' कादंबरीचं दोघांनी मिळून नाटक केलं आणि त्यातून संगीतकार गर्शविन यांचा 'पोर्गी अँड बेस' हा ऑपेरा आला.

मराठीला अशा मुक्कामांची ओळख आहे, पण बहुतेक वेळा परदेशातली. कवी दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ अमेरिकेतल्या आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते. चित्रकार गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कला गेले. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे आणि हुसेन या चित्रकारांना कामाची जागा होती, गच्चीवर दिग्दर्शक अल्काझींची नाटकं होत. मुक्कामाची सोय नव्हती, तरी चित्रकार, नाटकवाले आणि संगीतवाले एका जिन्यात भेटत होते. पुरस्कारांवर आपण हौसेने खर्च करतो. पुस्तक झाल्यावर शाल मिळते, ते होत असताना लागणाऱ्या महिन्याभराची तजवीज फारसं कुणी करत नाही.

अर्थात अशा ठिकाणी फुकट राहायला मिळालं तरी सगळ्यांना येता येत नाही. नोकरीतून रजा, गावातल्या खोलीचं भाडं, मुलांकडे बघायला माणूस, हे खर्च मागे चालूच असतात. मॅकडॉवेलमध्ये निवड कामाचे नमुने पाहून होते. निवड झाल्यावर गरजूंना प्रवासखर्च आणि वेगळा भत्ता मागता येतो, आणि त्यातून मागे राहिलेल्या घराचं भाडं भरलं तरी चालतं.