ईमेल नसलेल्या आजी आणि कॉटलिन

बी.ई. होऊन नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. आमच्या गणेश मंडळासाठी मी हौसेने एक अँड्रॉइड ॲप बनवलं. वर्गणी नोंदवली की पावती तयार! घरी दहा वेळा तपासलं, उत्तम चाललं.

पहिल्याच संध्याकाळी गल्लीतल्या एक आजी आल्या. नाव, पत्ता, फोन सांगितला. ईमेल विचारल्यावर म्हणाल्या, "ते नाही रे माझ्याकडे." मी तो रकाना रिकामा सोडून बटण दाबलं आणि ॲप बंद पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. मागे रांग वाढत होती. शेवटी मंडळाच्या काकांनी काही न बोलता खिशातून पावतीपुस्तक काढलं. त्या वर्षी माझं ॲप परत कोणी उघडलं नाही.

चूक माझीच होती. ते ॲप जावा भाषेत होतं. रिकामा ईमेल मी 'नल' म्हणजे 'काहीच नाही' असा साठवला आणि पुढे त्याची अक्षरं मोजायला गेलो. नसलेल्या गोष्टीची अक्षरं कशी मोजणार? ही 'नल'ची कल्पना टोनी होअर यांनी 1965 मध्ये आणली. पुढे 2009 मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

नंतर मी कॉटलिन शिकलो. जेटब्रेन्स कंपनीने ही भाषा 2011 मध्ये जाहीर केली आणि तिची पहिली पक्की आवृत्ती 2016 मध्ये आली. हिचं नाव एका बेटावरून आहे. 2017 मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली, तर 2019 पासून अँड्रॉइडसाठी तिलाच पहिली पसंती आहे.

कॉटलिनमध्ये एखादी माहिती नसू शकते असं वाटलं, तर तिच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लावायचं. मग ती वापरताना कंपायलर अडवून विचारतो, "आणि नसली तर?" उत्तर दिल्याशिवाय ॲप तयारच होत नाही. म्हणजे आजींसमोर झालेली फजिती माझ्या टेबलावरच पकडली गेली असती.

फायदे आणखीही आहेत. सभासदाची माहिती ठेवायला जावात मी पानभर कोड लिहीत असे, इथे 'डेटा क्लास'ची एक ओळ पुरते. इंटरनेटवरून यादी येईपर्यंत स्क्रीन गोठू नये यासाठी 'कोरुटीन' आहेत. आणि जुना जावा कोड फेकावा लागत नाही. जुन्या वाड्याची एकेक खोली दुरुस्त करावी, तशी एकेक फाइल बदलता येते. मी तसंच केलं.

अर्थात, भाषा जादू करत नाही. दोन उद्गारचिन्हं लावून कंपायलरला गप्प करता येतं. मग माहिती नसली की ॲप पूर्वीसारखंच कोसळतं. जावाकडून येणाऱ्या माहितीबाबतही सावध राहावं लागतं.

तुमच्यापैकी कोणाला ॲप बनवायला शिकायचं असेल, तर अँड्रॉइड स्टुडिओ मोफत आहे, कॉटलिनही मोफत आहे. सुरुवात घरच्यांसाठी एखादं छोटं ॲप बनवून करा. फक्त कोड लिहिण्याआधी आजीजवळ बसा आणि तिच्याकडे काय काय नाही ते विचारून घ्या. प्रश्नचिन्हं कुठे लावायची, ते तिथेच कळेल.