पाणंदीची सायकल : चला, एक दिवस तलावाला जाऊन येऊ



आपल्या घरात एखादी सायकल असेलच. कुणाकडे ती वडिलांच्या काळातली काळी, मागे दणकट कॅरिअर असलेली असेल, तर कुणाकडे मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलीला मिळालेली असेल. मोटारसायकल दारात आल्यापासून ही सायकल ओसरीच्या कोपऱ्यात गेली. मागच्या चाकातली हवा निघाली, चेन गंजली आणि तिच्यावर रिकामी पोती आली. पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली तरी आपण पानपट्टीपर्यंतसुद्धा गाडीला किक मारूनच जातो.

ही सायकल पुन्हा अंगणात काढावी म्हणून हा लेख. कामासाठी तर ती हवीच. पण सुगीच्या आधी किंवा नंतर एखादा मोकळा दिवस पोराबाळांसह मातीच्या वाटेने तलावापर्यंत जाऊन यावे, हा आनंदही आपल्याच वाट्याचा आहे. परदेशात लोक यासाठी रुंद टायरच्या खास सायकली घेतात आणि जिथे मोटार येत नाही अशा खडीच्या, मातीच्या वाटा शोधत हिंडतात. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठाने एक जुना कालवा आहे. त्यातल्या नावा काठावरून खेचरे ओढत नेत. 1924 साली त्यावरची वाहतूक बंद पडली. 1971 साली तो राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. आता खेचरांच्या त्या वाटेवर, सुमारे 297 किलोमीटर, माणसे पायी आणि सायकलने जातात. त्यांनी मोडीत निघालेली वाट जपली. आपल्याकडे तर चालत्या कालव्याची वाट आहे, गाडीवाट आहे, पाणंद आहे. फक्त तिच्याकडे त्या नजरेने कुणी पाहिलेले नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या वाटा

जालना जिल्ह्यात जंगल थोडे, हे खरे. सह्याद्रीसारखी दाट झाडी इथे शोधू नये. पण उत्तरेला भोकरदन आणि जाफराबादच्या अंगाने अजिंठ्याची रांग आहे, पूर्णा, गिरजा, खेळणा या नद्यांची खोरी आहेत आणि ठिकठिकाणी लहानमोठे तलाव आहेत. माथ्यावर मुरमाड माळ, उतारावर सीताफळ, पळस, धावडा, हिवर आणि खाली पाणी, असा हा मुलूख आहे. फाल्गुनात पळस फुलला की उघडा माळसुद्धा पाहत राहावा असा होतो.

जालना शहराजवळचा घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला. त्याचे पाणी विजेच्या पंपाशिवाय, नुसत्या उताराने शहरात जावे अशी त्या वेळच्या लोकांनी केलेली योजना आजही पाहण्यासारखी आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याने पाण्यासाठी काय सोसले ते विसरता येणार नाही. त्या काळात लोकांनी पुढे होऊन या तलावातला गाळ काढला आणि तो शेतात गेला. बांधावर उभे राहून मुलांना ही हकीकत सांगावी. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ती जास्त लक्षात राहते.

बदनापूर तालुक्यात सोमठाण्याला रेणुकामातेचा गड आहे आणि जवळच अप्पर दुधना प्रकल्पाचे पाणी आहे. सकाळी निघून देवदर्शन, पाण्याकाठी भाकरी आणि उन्हे चढण्याआधी परत, असा बेत घरातल्या बायामाणसांनाही सोसवतो. भोकरदन तालुक्यात दानापूरचा जुई तलाव आहे, अन्व्याचे जुने कोरीव शिवालय आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणारे व्यापारी तांडे याच भागातून जात. म्हणजे ज्या मातीच्या वाटेला आपण आडरान म्हणतो, त्या वाटेने दोन हजार वर्षांपूर्वी माल जात होता.

जालना तालुक्यातले कडवंची तर प्रत्येक शेतकऱ्याने एकदा सायकलने फिरून पाहावे. 1996 नंतर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाने, इथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवले गेले. पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. मोटारीतून गेलात तर फक्त बागा दिसतील. सायकलवर चढ चढताना समतल चर कुठे आहे, बांध कुठे आहे, पाणी कुठून येऊन कुठे थांबते, हे पायांनाच कळते. जमिनीचा उतार ओळखायला सायकलसारखा गुरू नाही.

चौथी वाट अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांतून जाते. ही जायकवाडीच्या डाव्या कालव्याची वाट. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. पैठणहून निघालेला हा 208 किलोमीटरचा कालवा आपल्या जिल्ह्यातून पुढे परभणीकडे जातो. त्याच्या काठाने तपासणीसाठी केलेला रस्ता आहे. पाणी उताराने वाहते, म्हणून वाटही जवळजवळ सपाट आहे. वाहनांची गर्दी नाही, हॉर्न नाही. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर सायकलला परवानगी नाही. आपला सायकलीचा महामार्ग म्हणजे कॅनॉल! मात्र हा रस्ता पाटबंधारे खात्याचा आहे. जिथे फाटक लावलेले असेल तिथे आधी विचारावे. डोंगराकडे वनखात्याच्या हद्दीत जाताना वनरक्षकाला सांगून जावे आणि अंधार पडण्याआधी परतावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आवर्तन सुरू असताना मुलांना कालव्यात उतरू देऊ नका. काठाचे अस्तर उतरते आणि शेवाळाने निसरडे असते. पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढायला धरायला काही सापडत नाही. पाणी वरून संथ दिसते, आतून ओढते. तोंड धुवायचे असेल तर बाटलीतल्या पाण्याने धुवा.

माती ओळखा, मग निघा

आपली काळी माती पिकाला चांगली, पण चाकाची वैरीण. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि चिकटते. चार पावलांत मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये इतका चिखल बसतो की सायकल ढकलतासुद्धा येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून पावसाच्या झडीनंतर निदान दोन-तीन दिवस काळ्या रानातली वाट टाळावी आणि मुरमाची वाट धरावी. मुरमातून पाणी लवकर निचरते. सर्वांत चांगला काळ दसऱ्यापासून होळीपर्यंतचा.

दुसरा शत्रू म्हणजे काटा. कालव्याच्या कडेला वेडी बाभूळ, माळावर सराटा. सराट्याचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर राहतोच. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवा :

(1) टायर रुंद आणि नक्षी शाबूत असलेला घ्यावा. गोटा झालेला टायर मुरमावर घसरतो.

(2) मातीच्या वाटेवर हवा दगडासारखी टणक भरू नये. अंगठ्याने दाबल्यावर टायर किंचित दबला पाहिजे. चाक उसळत नाही आणि कंबरेला धक्के कमी बसतात. पण हवा फार कमी ठेवली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि फाटते.

(3) पंप, सोल्युशन, रबराचे तुकडे, घासकागद आणि पाना कॅरिअरला बांधलेल्या पिशवीत असावेत. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधावा. तो आत राहिला तर पुन्हा तेच काम.

(4) उतारावर एकटा पुढचा ब्रेक दाबू नये, सायकल उलटते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरावे. निघण्याआधी ब्रेकचे रबर झिजले का ते पाहावे.

(5) सीट इतके उंच असावे की पायडल खाली गेल्यावर गुडघ्यात थोडाच वाक राहील. बहुतेकांची सीट फार खाली असते आणि मग चार किलोमीटरवर गुडघे दुखतात. दोष सायकलला मिळतो.

(6) माणशी दोन लिटर पाणी, भाकरी, गूळ, शेंगदाणे बरोबर घ्यावेत. मातीच्या वाटेवर तासाला दहा-बारा किलोमीटर धरावेत. पहिल्या दिवशी जाऊन-येऊन वीस किलोमीटर पुष्कळ झाले.

गिअरची महाग सायकल हवीच असे नाही. साध्या सायकलने चढ आला तर उतरून ढकलावी, त्यात लाज कसली? नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिकेतली सागर ते सागर सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. आपल्याला तेवढे करायचे नाही. आपल्याला तलावापर्यंत जायचे आहे.

वाट राहिली तर सायकल

आता खरी गोष्ट. ज्या वाटांचे वर्णन केले, त्या दरवर्षी अरुंद होत आहेत. एका बाजूचा शेतकरी नांगराचे एक तास पुढे सरकवतो, दुसऱ्या बाजूचा तारेचे कुंपण घालतो, पाणंदीत बाभळी माजतात. बैलगाडी जात होती तिथून आज माणूस आडवा होऊन जातो. याचा पहिला फटका उसाच्या गाडीला बसतो असे आपण म्हणतो. पण त्याआधी तो सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुलीला बसतो. तीन किलोमीटरची जवळची वाट बंद झाली, हमरस्त्याने फेरा पडला, तिथे ट्रक धावतात, म्हणून घरचे म्हणतात, "राहू दे शाळा." वीतभर जमिनीपायी एका लेकीचे शिक्षण थांबते. हा हिशेब कुठल्याच सातबाऱ्यावर लिहिला जात नाही.

तलाठ्याकडे गावनकाशा असतो. त्यात पायमार्ग एकेरी तुटक रेघेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने दाखवलेला असतो. आपल्या शिवारातली कोणती वाट नकाशावर आहे ते चारचौघांनी मिळून पाहावे. चालू वाट कुणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 प्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. पाणंद दुरुस्तीसाठी 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना निघाली. तिची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. पण अर्जाच्या आधी शेजाऱ्याशी बोलावे. कोर्टाने मिळालेल्या वाटेवर वैर उगवते, समजुतीने मिळालेल्या वाटेवर दोन्ही घरची पोरे चालतात.

तेव्हा येत्या रविवारी सायकल खाली काढा. चेनला तेल द्या, हवा भरा. मुलीला पुढे जाऊ द्या, तिला वाट माहीत आहे. आपण मागून जाऊन पाहा, ती रोज कुठे उतरून सायकल उचलते, कुठे काट्यातून काढते. ती जागा लक्षात ठेवा. तलाव पाहून परत आलात की संध्याकाळी कुऱ्हाड आणि फावडे घेऊन आधी त्या जागेचे काम करा.