सम्यक आजीविका आणि एका बेकरीची गोष्ट

तथागतांनी सांगितलेल्या आर्य अष्टांगिक मार्गातील पाचवे अंग म्हणजे सम्यक आजीविका. शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. आपल्या विहारात या अंगावर प्रवचने होतात व ती आपण आदराने ऐकतो. परंतु मागच्या रांगेत बसलेल्या बेकार तरुणाच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो सहसा कोणी उच्चारत नाही. ज्याला आजीविकाच नाही, त्याने ती सम्यक कशी करायची?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील एका बेकरीने दिले. ती बेकरी बौद्धांनी काढली होती. तिची माहिती आपल्या समाजबांधवांना व्हावी आणि तिच्यातून आपल्या संस्थेला काही घेता येते का याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हा लेख.

कसब आहे, पण दार बंद

प्रथम आपल्याच वस्तीतील एक उदाहरण सांगतो. आमच्या ओळखीचा एक मुलगा आय.टी.आय.मधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. जानेवारी २०१८ मधील महाराष्ट्र बंदच्या वेळी रस्त्यावर जी मुले पकडली गेली, त्यांत त्याचे नाव आले. पुढे एका कारखान्यात त्याची निवड झाली. प्रात्यक्षिकात तो पहिला होता. मात्र चारित्र्य पडताळणीचा कागद आला आणि नोकरी गेली. आज तो रात्रपाळीला दुसऱ्याची रिक्षा चालवतो. प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न घालता ठेवलेले आहे. या मुलाला आणखी एखादे प्रशिक्षण द्यावे, असे कोणी म्हणाले तर त्याचा काय उपयोग? त्याच्याजवळ कसब आहे, पण दार बंद आहे.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. तेथे मजुरी अधिक होती. बॉबिन बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्यात घ्यावे लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला. आपली माणसे विणकाम शिकू शकत नव्हती, असे मुळीच नव्हते. त्यांना मागापर्यंत पोहोचूच दिले जात नव्हते. तेव्हा कारण विटाळाचे होते, आज कारण वस्तीच्या पत्त्याचे, ओळखीचे किंवा पोलिसांच्या नोंदीचे असते.

यॉन्कर्स गावची बेकरी

न्यूयॉर्क शहराला लागून उत्तरेला, हडसन नदीच्या काठी यॉन्कर्स नावाचे गाव आहे. एके काळी ते कारखान्यांचे गाव होते. तेथील अलेक्झांडर स्मिथ कंपनीची प्रचंड गालिचा गिरणी १९५४ साली बंद पडली. ओटिस या लिफ्ट बनविणाऱ्या कंपनीचा जुना कारखाना १९८३ साली बंद झाला. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यॉन्कर्सच्या नैर्ऋत्य भागातील वस्त्यांचे वर्णन वेगळे करून सांगायला नको. बेकारी, घर नसलेली कुटुंबे, मादक पदार्थांचा विळखा आणि तुरुंगातून सुटून आलेली, पण कोणी उभे न करणारी माणसे असे तेथील चित्र होते.

बर्नी ग्लासमन हे १९३९ साली ब्रुकलिन येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. गणितात डॉक्टरेट मिळवून ते विमान व अंतराळयाने तयार करणाऱ्या मॅक्डॉनल डग्लस कंपनीत काम करीत होते. लॉस एंजेलिस येथे जपानी झेन गुरू तायझान माएझुमी यांच्याकडे त्यांनी धम्माचे शिक्षण घेतले आणि १९८० च्या सुमारास न्यूयॉर्कला येऊन साधकांचा एक संघ उभा केला. संघाचा खर्च देणग्यांवर चालू नये, आपल्या श्रमावर चालावा, म्हणून १९८२ साली त्यांनी कर्ज काढून बेकरी सुरू केली. ग्रेस्टन बेकरी हे तिचे नाव. आरंभी साधकच पहाटे उठून केक भाजत व ते न्यूयॉर्कमधील उपाहारगृहांना पुरवीत.

पुढे बेकरी यॉन्कर्सला आली आणि ग्लासमन यांनी विचाराची दिशा बदलली. आपल्या साधकांचे पोट भरले, पण दारासमोरच्या वस्तीचे काय? मग बेकरीत त्या वस्तीतील माणसांना घ्यायला सुरुवात झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बेन अँड जेरीज या आइस्क्रीम कंपनीशी व्यवहार जुळला. ब्राउनी, म्हणजे चॉकलेटचा दाट ओलसर केक, या कंपनीला पुरवायचा होता. असे सांगतात की, आरंभीचा माल गरम असतानाच बांधला गेला आणि तो एकमेकाला चिकटून त्याचे ठोकळे झाले. आइस्क्रीमवाल्यांनी तो माल फेकला नाही. त्याचे तुकडे करून आइस्क्रीममध्ये घातले आणि तोच प्रकार लोकांना आवडला. त्या एका मागणीवर बेकरी उभी राहिली. पुढे २०१० च्या दशकात तेथे दिवसाला सुमारे ३५ हजार पौंड, म्हणजे जवळजवळ १६ हजार किलो ब्राउनी तयार होत असल्याचे वृत्तपत्रांनी नोंदविले आहे.

नाव लिहा, पाळी आली की कामाला या

या बेकरीचे खरे वैशिष्ट्य तिच्या केकमध्ये नसून तिच्या भरतीच्या पद्धतीत आहे. तिला त्यांनी ‘खुली भरती’ असे नाव दिले. ज्याला काम हवे त्याने येऊन यादीत आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहायचा. जागा निघाली की यादीतील पुढच्या माणसाला बोलावणे जाते. मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, शिक्षण किती हे विचारणे नाही, पूर्वी तुरुंगात होतास काय ही चौकशी नाही. विचारायचे ते एवढेच : देशात काम करण्याचा कायदेशीर अधिकार आहे ना, आणि उभे राहण्याचे व वजन उचलण्याचे काम जमेल ना?

येथे कोणालाही वाटेल की हा दानधर्म आहे. तसे नाही. माणूस आत आला की काही महिन्यांची पगारी उमेदवारी सुरू होते. वेळेवर येणे, रोज येणे, काम नेटके करणे, सोबत्यांशी नीट वागणे यांवर त्याची परीक्षा होते. जो उतरला तो कायम होतो, जो उतरला नाही त्याला जावे लागते. चौकशी येथेही आहे, पण ती कामाच्या आधी नाही, कामात आहे. माणसाच्या कालच्या दिवसाची चौकशी न करता त्याच्या आजच्या दिवसाची केली जाते.

मी बँकेत कारकून आहे. कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला आम्ही जामीनदार विचारतो, कारण आम्ही त्याला ओळखत नाही. गरीब माणसाला जामीनदार मिळत नाही, कारण त्याच्या ओळखीचे लोकही गरीबच असतात. नोकरीच्या शिफारशीचेही तेच आहे. या बेकरीने जामीनदार मागितला नाही. काम हाच जामीन मानला. भरतीच्या चाळणीवर होणारा खर्च वाचवून तो शिकविण्यावर लावावा, असा त्यामागे साधा हिशेबही होता.

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात हाच विचार आहे. महाविजित राजाच्या राज्यात चोऱ्या-दरोडे माजले. तेव्हा त्याच्या पुरोहिताने सल्ला दिला की, दंड आणि वध यांनी हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. लोक आपापल्या कामात गुंतले म्हणजे राज्य आपोआप निर्भय होईल. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश यॉन्कर्सच्या भट्टीत उतरला, असे म्हटले तर ते चुकीचे ठरू नये.

पगाराच्या भोवतीचे आधार

नोकरी मिळणे आणि नोकरी टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल आजारी पडले म्हणून आई कामावर येत नाही. घरमालकाने बाहेर काढले म्हणून बाप येत नाही. चार खाडे झाले की नोकरी गेली. बाहेरचा माणूस म्हणतो, या लोकांना काम करायलाच नको!

ग्रेस्टनच्या चालकांनी हे जवळून पाहिले आणि बेकरीभोवती एकेक आधार उभा केला. बेघर कुटुंबांसाठी घरे बांधली आणि त्यांच्या जोडीला पाळणाघर काढले. १९९७ साली एड्सग्रस्तांसाठी उपचार केंद्र आणि निवास सुरू केला. त्या केंद्राचे नाव ‘मैत्री’ असे ठेवले, हे वाचून आपणा सर्वांना आनंद वाटेल. बेकरी ही धर्मादाय प्रतिष्ठानाच्या मालकीची असल्यामुळे तिचा नफा या कामांकडे वळविता आला. २०१२ साली न्यूयॉर्क राज्यात समाजहित हे आपल्या घटनेतच लिहून देणाऱ्या कंपन्यांसाठी कायदा लागू झाला, तेव्हा त्याखाली नोंदली गेलेली पहिली कंपनी ही बेकरी होती.

सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. यातील तिसरे कर्तव्य पाहा. नोकराची काळजी कामाच्या वेळेपुरती नाही, असे तथागत सांगतात.

ग्लासमन यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे नाव ‘इन्स्ट्रक्शन्स टू द कुक’, म्हणजे स्वयंपाक्याला सूचना, असे आहे. तेराव्या शतकातील जपानी आचार्य दोगेन यांनी मठाच्या स्वयंपाक्यासाठी लिहिलेल्या ग्रंथावरून ते सुचले. त्यातील मुख्य मुद्दा आपल्या माता-भगिनींना सांगण्याचीही गरज नाही : घरात जे आहे त्यातूनच स्वयंपाक करायचा. जे नाही त्याची वाट पाहत बसले तर मुले उपाशी राहतात. ग्लासमन यांचे निधन नोव्हेंबर २०१८ मध्ये झाले.

मर्यादाही पाहिल्या पाहिजेत

या पद्धतीने सर्व प्रश्न सुटतात असे मात्र कोणी समजू नये. खुल्या भरतीने आलेले पुष्कळ जण उमेदवारीतच गळतात. एका बेकरीत किती माणसे मावणार? एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर धंद्याचा भार असणे हाही धोकाच. शिवाय प्रत्येक कामाला ही रीत लागू पडत नाही. विजेची जोडणी, औषधे देणे, वाहन चालविणे यांना परवाना हवाच. माझ्या बँकेच्या रोख खिडकीवर नाव लिहून कोणाला बसविता येणार नाही, हे मीच सांगतो! तरीही केटरिंग, पॅकिंग, शिवणकाम, छपाई, बागकाम, साफसफाई अशी कितीतरी कामे आहेत की जी काम करता करता शिकता येतात. हा विचार अन्यत्रही रुजला. नेदरलँड्समध्ये या पद्धतीचा प्रसार झाला आणि बॉडी शॉप या कंपनीने २०१९ साली अमेरिकेतील आपल्या गोदामात ती वापरून पाहिली.

आपण काय करू शकतो?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तंत्रशिक्षणाची योजना आणि सेवायोजन कार्यालये हे दोन्ही विषय त्या खात्याकडे होते. कसब शिकविणे आणि काम मिळवून देणे या एकाच गाड्याच्या दोन चाकांसारख्या गोष्टी आहेत.

पहिल्या चाकाची सोय आज बऱ्यापैकी आहे. १९६७ साली वरळी येथे देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. या संस्थांना २००० सालापासून जन शिक्षण संस्थान म्हणतात. अल्पशिक्षितांना तेथे कमी खर्चात व्यवसाय शिकता येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यातील उमेदवाराला विद्यावेतन मिळते. स्वतःचा धंदा करणाऱ्यासाठी २०१५ पासून मुद्रा कर्ज आहे. ते तारण न घेता द्यायचे असते, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे आणि शाखेत ठामपणे सांगावे.

उणीव आहे ती दुसऱ्या चाकाची. त्यासाठी माझी नम्र सूचना अशी की, विहारात एक ‘कामाची वही’ ठेवावी. ज्याला काम हवे त्याने तीत नाव लिहावे. आपल्या समाजात आता ठेकेदार आहेत, केटरर आहेत, मंडप-डेकोरेशनवाले आहेत, छोटे कारखानदार आहेत. त्यांनी आपल्याकडील दर पाच जागांपैकी एक तरी जागा या वहीतून भरावी. अट एकच : क्रम मोडायचा नाही. पदाधिकाऱ्याचा भाचा असला तरी त्याने आपल्या पाळीची वाट पाहावी. उमेदवारीच्या काळात पगार द्यावा, आणि काम जमले नाही तर स्पष्ट सांगावे. विहाराचे सभागृह दुपारी रिकामे असते. तेथे कामावर जाणाऱ्या मातांच्या मुलांसाठी पाळणाघर चालविता येईल. आपल्यातील वकील बंधूंनी महिन्यातून एक रविवार, जुन्या गुन्ह्यांच्या नोंदीमुळे अडकलेल्या मुलांना द्यावा.

यासाठी मोठी इमारत लागत नाही आणि परदेशी देणगीही लागत नाही. एक वही, एक पेन आणि पाच मालकांचा शब्द एवढे पुरे आहे. येत्या वर्षावासात ही वही सुरू व्हावी. पहिल्या पानावर कोणाचे नाव असेल हे मला ठाऊक आहे. त्याचे प्रमाणपत्र अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. वीजतंत्र्याची जागा असेल तर उत्तमच. नसेल तर मिळेल त्या जागेपासून तो सुरुवात करील, परंतु त्याची परीक्षा कामावर व्हावी, कागदावर नव्हे. एवढे जरी आपण करू शकलो तरी पुढच्या रविवारी सम्यक आजीविकेवरचे प्रवचन मागच्या रांगेलाही आपले वाटेल.

भवतु सब्ब मंगलम्! जय भीम!